खालिद जमील कोच म्हणून कुठे घडले

एका तरुण खेळाडूचा प्रश्न आला आहे. तो कोल्हापूरच्या सीनियर लीगमध्ये पेठेच्या संघातून हाफला खेळायचा. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सत्ताविसाव्या वर्षी खेळ थांबला. आता कोचिंगमध्ये यायचं आहे. त्याचं म्हणणं असं: "सगळे सांगतात, भारताकडून खेळल्याशिवाय कोच म्हणून कोणी उभं करत नाही. खालिद जमील यांना जमलं, कारण ते इंटरनॅशनल होते. माझ्यासारख्याचं काय? आणि आधी लायसन्स काढू की आधी टीम हातात घेऊ?"

तू जमील यांचं उदाहरण चुकीच्या टोकाने धरलं आहेस. ते भारताकडून खेळले, हे खरं. पण त्या टोपीने, म्हणजे देशाकडून खेळल्याच्या मानाने, त्यांना फार तर पहिलं दार उघडून दिलं असेल. २०२५ मध्ये ते भारताचे कोच झाले, त्याचं मूळ मुंबईतल्या एका क्लबमध्ये काढलेल्या सात वर्षांत आहे. त्या वर्षांकडे तेव्हा फारसं कोणी पाहत नव्हतं. मी इथल्या पोरांना आणि नंतर सीनियर संघांना शिकवत आलो आहे, आणि कोच कसा घडतो हे कोणी विचारलं की मी त्या सात वर्षांबद्दलच बोलतो.

आधी खेळाडू जमील. जन्म १९७७ चा, कुवेतमधला. आखाती युद्धाच्या सुमारास कुटुंब भारतात आलं. पुढे मुंबईत महिंद्रा युनायटेड, मग एअर इंडिया, मग पुन्हा महिंद्रा. मधल्या फळीतला खेळाडू. १९९८ मध्ये भारताकडून पहिला सामना. सामने मोजकेच मिळाले. विजयन किंवा भुतिया यांच्या ओळीत त्यांचं नाव कधी घेतलं गेलं नाही. २००५-०६ मध्ये डेरिक परेरा यांच्या हाताखाली महिंद्राने राष्ट्रीय लीग जिंकली, तेव्हा जमील त्या क्लबमध्ये होते, पण शेवटची बरीच वर्षं दुखापतींनी खाल्ली. म्हणजे तुझ्यासारखंच, शरीर आधी थकलं आणि फुटबॉलची भूक शिल्लक राहिली. त्यांच्या पिढीत त्यांच्याहून मोठे खेळाडू कितीतरी होते. नाव हीच अट असती, तर आज त्या सगळ्यांची नावं आपण कोच म्हणून घेत असतो.

आता मुंबई एफसी. हा क्लब २००७ चा, पहिले कोच इंग्लंडचे डेव्हिड बूथ. जमील तिथे खेळाडू म्हणून गेले आणि २००९ मध्ये, बत्तिशीत, संघच त्यांच्या हाती आला. तो २०१६ पर्यंत त्यांच्याकडे राहिला. त्या काळची आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली मुख्य लीग, आठव. कोलकात्याचे दोन मोठे क्लब, गोव्याचे धेंपो, चर्चिल आणि साळगावकर, पुढे पैसा घेऊन आलेला बंगळुरू. या सगळ्यांसमोर मुंबई एफसीचं बजेट लहान, प्रेक्षक थोडे. मुंबईतलं कूपरेज मैदान बंद होतं तेव्हा तर घरचे सामने पुण्याला बालेवाडीत व्हायचे. मुंबईचा संघ, घरचं मैदान पुण्यात, आणि स्टँड बहुतेक रिकामा.

अशा क्लबात कोचसमोर एकच उद्दिष्ट असतं: खाली, म्हणजे खालच्या श्रेणीत, जायचं नाही. जमील यांनी सात वर्षं संघ खाली जाऊ दिला नाही. वर्तमानपत्रात याची बातमी होत नाही, कारण न घडलेल्या गोष्टीची बातमी करता येत नाही. पण ते गेल्यानंतर लगेचच्या मोसमात, २०१६-१७ मध्ये, मुंबई एफसी तळाला राहून खाली गेली आणि पुढे क्लबच बंद झाला. त्याच मोसमात जमील दुसऱ्या क्लबला घेऊन लीग जिंकत होते. कोचची किंमत मोजायला याहून स्वच्छ पुरावा मला भारतीय फुटबॉलमध्ये दिसत नाही.

तळाशी झुंजणाऱ्या संघाबरोबर काम करताना माणूस काय शिकतो, हे तुला कळायला हवं, कारण तुझ्या हाती पहिला संघ येईल तोही असाच असेल. पहिली गोष्ट, आपल्या संघाला काय जमत नाही हे न लाजता बघणं. चेंडू ताब्यात ठेवून खेळणारा संघ सगळ्यांनाच आवडतो. पण तुझ्या दोन सेंटर बॅकना दबावाखाली दहा यार्डांचा पास नीट देता येत नसेल, तर मागून खेळ बांधायचा हट्ट म्हणजे दर सामन्यात एक गोल भेट देणं. जमील यांचे संघ म्हणून असे दिसतात: मागे चार, त्यांच्यापुढे चार, दोन्ही रांगांमध्ये अंतर कमी, मधून वाट नाही. चेंडू मिळाला की लांब, पुढे आणि बाजूला. हवेतल्या झुंजीनंतर खाली पडलेला चेंडू जिंकायला तिघेजण आधीच धावत निघालेले. कॉर्नर, फ्री किक, लांब थ्रो यांचं सोनं करायचं. याला कोणी कंटाळवाणं म्हणेल. पण हे बसवून घ्यायला किती मेहनत लागते, ते ग्राउंडवर उभं राहिल्याशिवाय समजत नाही.

एक उदाहरण देतो. चेंडू आपल्या उजव्या बगलेला गेला, की डाव्या बाजूच्या हाफने आत सरकायचं. खेळाडूला हे सांगितलं की तो मान डोलावतो. सामन्यात मात्र त्याची नजर चेंडूवर चिकटते, पाय जागेवर राहतात, आणि समोरचा संघ एका लांब पासात बाजू बदलून त्याच्या मागे पोहोचतो. मी हे चेंडूशिवाय, चालत चालत करून घेतो. दहाजण मैदानात उभे करायचे, मी हातात चेंडू घेऊन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत जायचं, आणि सगळ्यांनी माझ्याबरोबर सरकायचं. पोरांना पहिल्यांदा हसू येतं. मग धावत. मग समोर सहा विरोधक आणून. महिना-दीड महिना हे रोज केलं, तर नव्वदाव्या मिनिटाला, पाय जड झाल्यावरही, तो हाफ आपोआप आत येतो. पैसा नसलेल्या क्लबात हाच पैसा. आणि हे एका मोसमात पुरं बसत नाही. एकाच ठिकाणी राहावं लागतं.

गोव्याचे आर्मांद कुलासो आठव. धेंपोने जिंकलेली पाचही राष्ट्रीय विजेतेपदं त्यांच्याच हाताखालची. तो क्लब श्रीमंत होता, परिस्थिती वेगळी होती, तरी हे सूत्र तेच: कोच एकाच जागी वर्षानुवर्षं. आपल्याकडे दोन सामने हरले की कोच बदलतात, आणि मग कोच घडत नाहीत म्हणून हळहळतात.

ऐझॉलची गोष्ट तू ऐकली असशील, पण कोचच्या नजरेने पुन्हा वाच. २०१५-१६ मध्ये ऐझॉल एफसी आय-लीगमधून खाली गेली होती. मग लीगच्या नव्या रचनेवरून नाराज होऊन गोव्याच्या साळगावकर आणि स्पोर्टिंग या क्लबांनी माघार घेतली आणि जागा रिकामी झाल्यामुळे ऐझॉलला परत घेतलं गेलं. मुंबई एफसीतून सुटलेले जमील तिथे गेले. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या मिझोरामची लोकसंख्या ११ लाखांच्या आत होती; आपला एकटा कोल्हापूर जिल्हा तिच्या तिपटीहून मोठा. पण फुटबॉलचं वेड तिथे घराघरात आहे, पोरं चपळ आणि शिस्तीची. जमील यांनी त्या पोरांना बदलायचा प्रयत्न केला नाही. त्यांच्यात जे कमी होतं, तेवढंच बाहेरून आणलं. मधल्या फळीत सीरियाचा अनुभवी महमूद अल आमना. गोलमध्ये गोव्याचा अल्बिनो गोम्स. आणि मुंबई एफसीतली आपली दोन पोरं, जयेश राणे आणि आशुतोष मेहता. लायबेरियाचा आल्फ्रेड जारियन ऐझॉलमध्ये आधीपासून होताच.

राणे आणि मेहता यांना का नेलं असेल? नव्या ड्रेसिंग रूममध्ये कोच एकटा गेला, तर त्याची पद्धत तोंडाने समजावण्यात तीन महिने जातात. ती पद्धत अंगात मुरलेले दोन खेळाडू सोबत असले, तर बाकीचे त्यांच्याकडे बघून शिकतात. पुढे आशुतोष मेहता नॉर्थईस्टमध्येही त्यांच्याबरोबर दिसला, जमशेदपूरमध्येही. अल्बिनोही जमशेदपूरला आला. अल आमना ऐझॉलहून त्यांच्यामागोमाग ईस्ट बंगालला गेला. खेळाडू एखाद्या कोचच्या मागे क्लब बदलत फिरतात, तेव्हा त्या कोचबद्दल आणखी चौकशी करायची मला गरज वाटत नाही.

त्या मोसमात दहा संघ, प्रत्येकी १८ सामने. ऐझॉलने ११ जिंकले, ४ बरोबरीत सोडवले, ३ हरले. गुण ३७. मोहन बागान ३६ वर राहिला. निर्णायक सामना २२ एप्रिल २०१७ चा, ऐझॉलमध्ये, मोहन बागानविरुद्ध. पाऊण तास नव्हे, ऐंशी मिनिटं शून्य-शून्य. मग ८३ व्या मिनिटाला बचावपटू झोहमिंगलियाना राल्टेचा हेडर, १-० असा विजय. आठवड्याने शिलाँगमध्ये लाजाँगविरुद्ध बरोबरी पुरेशी होती. तिथे नवव्या मिनिटालाच लाजाँगच्या डिपांडाने गोल करून ऐझॉलला मागे टाकलं. तुझ्या संघाला एवढ्या मोठ्या दिवशी दहा मिनिटांत गोल बसला, तर काय होईल, याचा विचार कर. पेठेच्या संघांचं मी बघितलंय: सगळे पुढे धावतात आणि मागे मैदान मोकळं पडतं. ऐझॉलने आपला आकार सोडला नाही. ६७ व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी केली, आणि ईशान्येकडचा क्लब पहिल्यांदा देशाची लीग जिंकला. हा संयम मुंबई एफसीच्या त्या रिकाम्या स्टँडसमोर कमावलेला होता, असं माझं ठाम मत आहे. जो कोच वर्षानुवर्षं शेवटच्या पाच सामन्यांत जीव वाचवत आला, त्याला एका गोलाची भीती वाटत नाही.

पुढचा भाग लोक वगळतात, आणि तुला तोच जास्त उपयोगी आहे. ऐझॉलनंतर ईस्ट बंगालने बोलावलं. चौथा क्रमांक. मग जानेवारी २०१९ मध्ये मोहन बागान, मोसमाच्या मध्यावर. तिथेही काही मोठं हाती लागलं नाही. कोलकात्यात लाखो लोकांना दर सामना जिंकायचा असतो आणि देखणा जिंकायचा असतो. समोरचा संघ स्वतःच मागे बसलेला असेल, तर मागे बसून प्रतिहल्ला करायची पद्धत कोणावर चालवणार? माझ्या मते हे त्यांचं खरं अवघड गणित आहे, आणि ते आजवर पूर्ण सुटलेलं नाही.

मग नॉर्थईस्ट युनायटेड. आधी सहायक. जानेवारी २०२१ मध्ये मुख्य कोच जेरार्ड नूस यांना काढलं आणि जमील यांना हंगामी म्हणून उभं केलं. कोविडमुळे ती अख्खी आयएसएल (इंडियन सुपर लीग, आता देशातली सर्वांत वरची लीग) गोव्यात, बायोबबलमध्ये चालू होती. ११ सामन्यांत १२ गुण, सातवं स्थान, अशी अवस्था. उरलेल्या ९ सामन्यांत ६ विजय, ३ बरोबरी, हार एकही नाही. ३३ गुण, तिसरा क्रमांक, उपांत्य फेरी. तिथे एटीके मोहन बागानकडून दुसऱ्या टप्प्यात हरले. आयएसएलच्या बाद फेरीत संघ नेणारे ते पहिले भारतीय कोच, आणि त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पूर्णवेळ मुख्य कोच म्हणून नेमले गेलेले पहिले भारतीयही तेच. सहायक म्हणून काम करायला त्यांना कमीपणा वाटला असता, तर हे झालंच नसतं. लीग जिंकलेला माणूस दुसऱ्याच्या हाताखाली शंकू मांडत होता. तू हे लक्षात ठेव, कारण तुला पहिली दोन-तीन वर्षं तेच करायचं आहे.

आणि पुढच्याच मोसमात तोच संघ ११ पैकी दहावा आला. मग काही काळ ते आयएसएलबाहेर होते. २०२३ मध्ये तिसऱ्या श्रेणीतल्या बंगळुरू युनायटेडला शिकवत होते. वरून खाली उतरून काम करणं हे आपल्याकडे अपमानाचं समजतात. त्यांनी ते केलं.

२०२३ च्या शेवटी जमशेदपूर एफसी. पहिल्या अर्ध्या मोसमात एक प्रसंग घडला, तो मी प्रत्येक नव्या कोचला सांगतो. मार्च २०२४ मध्ये मुंबई सिटीविरुद्ध सामना १-१ असा सुटला. मैदानावर कायम किमान सात भारतीय खेळाडू हवेत, असा नियम. बदली करताना जमशेदपूरचा तो आकडा चुकला, आणि नंतर सामना मुंबई सिटीला ३-० असा बहाल झाला. हातातला गुण कागदावर गेला. तू शाळेच्या पोरांच्या स्पर्धेत जरी उतरलास, तरी नियमावली स्वतः वाच आणि बदलीची चिठ्ठी लिहायला बाकावर एक शांत डोक्याचा माणूस ठेव. आपल्याकडे वयाच्या दाखल्यावरून, नोंदणीवरून कितीतरी सामने असेच जातात.

२०२४-२५ मध्ये मात्र जमशेदपूर ३८ गुणांसह पाचवं आलं, बाद फेरीत नॉर्थईस्टला हरवलं, आणि उपांत्य फेरीच्या पहिल्या टप्प्यात लीगविजेत्या मोहन बागानला २-१ असं. कोलकात्यातला दुसरा टप्पा ०-२ गेला. निर्णायक गोल भरपाई वेळेत अपुइयाने मारला, ज्याला नॉर्थईस्टमध्ये जमील यांनीच खेळवलं होतं. सुपर कपच्या अंतिम सामन्यात एफसी गोवाकडून ०-३. करंडक एकही नाही, तरी भारतीय फुटबॉल महासंघाने सलग दुसऱ्या वर्षी त्यांना देशातला सर्वोत्तम कोच ठरवलं. मला तो निर्णय योग्य वाटतो.

१ ऑगस्ट २०२५ ला भारताचे कोच म्हणून त्यांची नेमणूक झाली. अंतिम यादीत स्टीफन कॉन्स्टंटाईन आणि स्टेफान तारकोविच होते. २०११-१२ मधल्या गोव्याच्या सावियो मदेरा यांच्यानंतर पहिल्यांदा भारतीय माणूस. महिन्याच्या आत मध्य आशियातली स्पर्धा. पहिल्याच सामन्यात ताजिकिस्तानला त्यांच्या घरी २-१ असं हरवलं, आणि दोन्ही गोल सेंटर बॅकचे, अन्वर अली आणि संदेश झिंगन. पहिला तर मोहम्मद उवैसच्या लांब थ्रोवर, आणि उवैस जमशेदपूरमध्ये त्यांच्याच हाताखाली खेळलेला. मुंबई एफसीच्या दिवसांतली पद्धत, जशीच्या तशी. शेवटी ओमानला टायब्रेकरमध्ये हरवून तिसरा क्रमांक. पण ऑक्टोबरमध्ये गोव्यात फातोर्ड्यावर सिंगापूरकडून १-२ हरलो आणि आशियाई चषकाची वाट बंद झाली. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशकडून ०-१. त्या हरण्यांचं मला वाईट वाटलं, अजून वाटतं. घरच्या मैदानावर, जिंकावाच लागेल अशा सामन्यात, कोलकात्यातलं तेच जुनं गणित पुन्हा समोर आलं. त्याचा सगळा दोष एका माणसावर टाकणं मात्र मला मान्य नाही. परीक्षा आधीच बिघडलेली असताना पेपर त्यांच्या हातात दिला गेला होता.

आता तुझा दुसरा प्रश्न, लायसन्स की टीम. दोन्ही एकदमच. महासंघाचं डी लायसन्स ही पहिली पायरी. मग सी, बी, ए आणि शेवटी प्रो. जमील यांच्याकडे प्रो आहे, आणि ते खेळाडू होते म्हणून कोणी फुकट दिलेलं नाही. डी कोर्स वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनमार्फत होतात. नोटीस लागते तिकडे लक्ष ठेव आणि कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या ऑफिसात जाऊन विचारून ये. पण डी घेऊन घरी बसलास तर ते विसरायला होतं. कोर्सला जायच्या आधीच एखाद्या शाळेची किंवा तालमीची तेरा वर्षांखालची पोरं मागून घे. मुख्य कोच कोणी दुसरा असेल तर असू दे, तू गोलकीपरला वॉर्मअप दे, बिब वाट, शंकू मांड. पगार नगण्य असेल. म्हणून शाळेत क्रीडाशिक्षक किंवा दुसरी कुठलीही नोकरी धरून ठेव; नुसत्या कोचिंगवर घर चालवायचा हट्ट सुरुवातीला करू नकोस, त्यात चांगली चांगली माणसं सोडून गेलेली मी पाहिली आहेत.

सीनियर संघाच्या मागे लगेच लागू नकोस. तिथे तुझे जुने सोबतीच खेळत असतील. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर चहा प्यायलास, त्यांना बाकावर बसवणं पहिल्याच वर्षी जमणार नाही. जमील यांना मुंबई एफसीत हेच करावं लागलं, कारण तिथे ते आदल्या मोसमापर्यंत खेळाडू होते. त्यांना जमलं, पण तो अपवाद समज.

एका वहीत प्रत्येक सरावाची नोंद ठेव: काय करायला घेतलं, पोरांना काय जमलं, काय जमलं नाही, उद्या काय. सामन्यानंतर गोल कोणी मारला यापेक्षा गोल कसा बसला, चेंडू कुठून निघाला आणि आपला कोण जागेवर नव्हता, ते लिही. शाहू स्टेडियमवर सामना बघायला जाशील तेव्हा एक हाफ चेंडूकडे बघूच नकोस, दोन्ही संघांच्या बचावफळीकडे बघ. तू हाफला खेळलेला आहेस, मैदानाची दोन्ही टोकं तुला माहीत आहेत. हे तुला इतरांपेक्षा लवकर दिसेल.

आणि कोणी विचारलं, किती मोठं खेळलास, तर खरं सांग. सीनियर लीग खेळलो, गुडघा गेला, आता पोरांना शिकवतो. तेरा वर्षांच्या पोराला तुझ्या टोप्यांशी काही देणंघेणं नसतं. तू रोज वेळेवर येतोस का, त्याचं नाव तुला माहीत आहे का, आणि कालच्यापेक्षा आज त्याचा डावा पाय बरा चालतोय का, एवढंच तो बघतो. पुढच्या मोसमाच्या नोंदण्या सुरू व्हायच्या आत एखादी टीम धर. डी कोर्सचा अर्ज भरताना अडलास तर विचार, मी सांगेन.